मीठशहर शांत आहे

३ नोव्हेंबर

अपडेट पुन्हा पुढे ढकललं. आता तीस तारीख. कंपनीच्या पत्रात दिलगिरी एक ओळ आणि स्वतःचं कौतुक सोळा ओळी. कोर्टात अनुवादक म्हणून एकतीस वर्षं काढली आहेत, तारखा कशा पडतात हे मला कोणी शिकवू नये. पण तिथे निदान पुढच्या तारखेखाली कोणाची तरी सही असायची.

निवृत्त बाईने कॉम्प्युटरवर लढाया खेळाव्यात याचं ज्यांना हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. ‘सात सीमा’ मी चार वर्षं खेळते आहे. शहरं वसवायची, रस्ते बांधायचे, शेजाऱ्याची शहरं जिंकायची. एकेक फेरी, सावकाश, डोकं वापरून. गेल्या वर्षी त्याचं मराठी इतकं भयंकर होतं (‘तुमचे घोडे आता उपलब्ध नाहीत, क्षमस्व’) की मी कंपनीला अकरा पानी पत्र लिहिलं. उत्तर म्हणून त्यांनी सगळा मजकूरच माझ्या गळ्यात मारला. तेव्हापासून खेळातलं मराठी माझं. चुकून चांगलं वाटलं तर तेही माझंच.

या अपडेटची सगळे चातकासारखी वाट बघताहेत ती एकाच गोष्टीसाठी. आत्तापर्यंत जिंकलेलं शहर दहा फेऱ्यांनी आपोआप आपलं व्हायचं. आता त्याला मन असणार. चार अवस्था: बंड, कुरकुर, शांत, आपलं. हे चारही शब्द मी एका बैठकीत दिले. तिसऱ्याला मूळ शब्द ‘क्वायट’. त्याला तर मला दोन सेकंदही लागले नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रोग्रेस कार्डावर हाच शब्द लिहायच्या. माझ्या कार्डावर तो सलग सात वर्षं होता आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवला जायचा.

धाकटी म्हणते, तेव्हाचं सगळं साठवून तू आता बोलतेस. अतिशयोक्ती आहे.

५ नोव्हेंबर

धाकटी म्हणजे माझी बहीण. जुलैत स्टुलावरून पडली, उजवं मनगट मोडलं. शिवणकामावर जगणारी बाई, तिच्या गावी एकटीच. मी जाऊन घेऊन आले. सहा आठवड्यांसाठी आली होती. मनगट केव्हाच जुळलं, पण मी म्हटलं, आता कशाला जातेस? इथे मी आहे, वेगळी खोली आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे.

सुरुवातीला कटकट फार केली. सवयीप्रमाणे मी तिच्या तक्रारी वहीच्या मागच्या पानावर क्रमांक घालून लिहिल्या. मशीन खिडकीपाशी हवं (क्र. १). मशीन पॅसेजमध्ये का (क्र. २, कारण त्याच्या खडखडाटात मला शब्द सुचत नाहीत). माझ्या डब्यांवर तू चिठ्ठ्या का चिकटवल्यास (क्र. ७). मला दुपारी रेडिओ लागतो (क्र. ११). माझ्या मैत्रिणीला ‘कोण बोलतंय, काय काम आहे’ असं का विचारलंस (क्र. १९). ऑगस्टमध्ये बावीस तक्रारी. सप्टेंबरमध्ये नऊ. ऑक्टोबरमध्ये दोन. नोव्हेंबर अद्याप निरंक.

बसली एकदाची घडी.

राहिल्या तिच्या तिकडच्या दोन खोल्या. बसने तीन तास, घड्याळाच्या दुकानाच्या वर. तिच्या घरमालकिणीने निरोप पाठवला आहे: खोल्या ठेवायच्या की सोडायच्या, तीस तारखेपर्यंत लेखी कळवा. तीच तारीख! मी लगेच पत्राचा मसुदा करून दिला. तिने फक्त सही करायची आहे. सहीच्या जागी पेन्सिलने फुलीही मारून ठेवली.

तिने वाचला, घडी घालून मशीनच्या कव्हराखाली ठेवला.

९ नोव्हेंबर

खेळाडूंच्या गटावर रणकंदन. आम्ही नऊ जण आहोत, पण आवाज दोघांचाच: दातांचा डॉक्टर आणि बंदरावरचा क्रेनवाला. मला तिथे कोर्टबाई म्हणतात.

प्रश्न असा की शहर जिंकल्यावर त्याचं करायचं काय. क्रेनवाला म्हणाला, “मी त्यांच्या कारभाऱ्याला हातच लावत नाही. कर घेतो, बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणतो.”

दंतवैद्य म्हणाला, “मग जिंकलंस कशाला? नुसतं भेटून यायचं ना!”

मी माझं मत स्पष्ट मांडलं. पहिल्याच फेरीत सगळं बदलावं. कायदा, कारभारी, बाजाराचा दिवस, सगळं. रोज थोडं थोडं बदललं की रोज थोडी थोडी कुरकुर. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. शिवाय आपण रस्ते देतो, पाणी देतो, तटबंदी देतो. कृतज्ञता नावाची काही गोष्ट असते.

क्रेनवाल्याने लिहिलं, “कोर्टबाई, त्यांनी रस्ते मागितले होते का?”

मी कॉम्प्युटर बंद केला. मागितल्यावर देतो तो दुकानदार.

१४ नोव्हेंबर

चाचणीची आवृत्ती आली! फक्त आमच्या गटाला. चुका शोधा आणि कळवा असं सांगितलं आहे. सकाळी नऊला बसले ती साडेबाराला उठले. दक्षिणेचं मिठागरांचं शहर घेतलं. त्याला मी मीठशहर म्हणते. सगळी व्यवस्था पहिल्याच फेरीत लावली. अपेक्षेप्रमाणे कुरकुर. बाजार पूर्वीच्या जागी हवा, जुना कारभारी हवा, मिठावरची जकात नको. असल्या मागण्यांच्या तोंडी लागायचं नसतं. ‘नंतर पाहू’ हे बटण त्यासाठीच आहे.

पत्रावर सही झालेली नाही. विचारलं तर म्हणाली, “करते.”

१५ नोव्हेंबर

मीठशहर: कुरकुर. धाकटी: निरंक.

१८ नोव्हेंबर

मीठशहर शांत झालं. आठव्या फेरीत कुरकुर थांबली आणि निळ्या पट्टीत माझा शब्द उमटला. ‘शांत’. आपणच दिलेला शब्द आपल्यालाच बक्षीस म्हणून परत मिळतो, याचा आनंद कोणाला सांगून कळायचा नाही. गटावर लिहिलं. दंतवैद्याचीही अकरा शहरं शांत आहेत. तो म्हणाला, “कोर्टबाई, तुमची पद्धत म्हणजे भूल देऊन दात काढणं. हूं की चूं नाही.” क्रेनवाल्याची अजून सगळीच्या सगळी कुरकुरताहेत आणि हा पठ्ठ्या बसलाय एकेकाच्या मागण्या वाचत. दोन पूर्ण करतो, एक नाकारतो, नाकारल्याचं कारण लिहून कळवतो. कधी संपायचा याचा खेळ?

दुपारी रेडिओ मीच लावला. म्हटलं, बिचारीला आवडतो. ती म्हणाली, “राहू दे ताई. सवय गेली.”

मलाही त्याचा त्रासच होतो. बंद केला.

२१ नोव्हेंबर

आधी घटना लिहिते, मग मत.

सव्विसाव्या फेरीत मीठशहराने दरवाजे लावून घेतले. बंड नाही, लढाई नाही, आग नाही. माझी फौज वेशीबाहेर उभी, झेंडा खाली, आणि एक ओळ: ‘हे शहर आता तुमचं नाही.’ आधी सूचना नाही, इशारा नाही. आदल्या फेरीपर्यंत शांत होतं!

दंतवैद्याची अकरा शहरं दोन फेऱ्यांत गेली. तो माणूस विनोद करायचा विसरला. त्याने एवढंच लिहिलं, “कोर्टबाई, शांत लिहिलं होतं हो. म्हणून मी तिकडचे पहारे काढले.”

क्रेनवाल्याचं एकही गेलं नाही. चार तर ‘आपलं’ झाली आहेत.

मत: हा उघड दोष आहे. अठरा फेऱ्या तोंडातून शब्द काढायचा नाही आणि एके दिवशी उठून दार लावून घ्यायचं, ही काय रीत झाली? काही हवं होतं तर मागायचं.

धाकटी पॅसेजमध्ये उसवण करत होती. माझा आवाज ऐकून आली, पडद्याकडे बघत उभी राहिली.

“काय हवं होतं त्यांना?” तिने विचारलं.

“काहीसुद्धा नाही! शेवटच्या कित्येक फेऱ्यांत एक मागणी नाही.”

“त्याच्या आधी?”

“आधी असतात नेहमीच्या. बाजार, जकात, कारभारी.”

“मग तू काय केलंस?”

“नंतर पाहू म्हटलं.”

ती “हं” म्हणाली आणि परत उसवायला गेली. अशा वेळी चार शब्द सहानुभूतीचे बोलावेत माणसाने.

२२ नोव्हेंबर

कंपनीला सहा पानी पत्र. ‘बेजबाबदार’ तीनदा, ‘विश्वासघात’ एकदा. त्यांच्याकडे भाषांचं काम बघणारी एक बाई आहे, तिच्या नावे पाठवलं. आता बघतेच.

धाकटीला पत्राची आठवण केली. आठ दिवस राहिले. म्हणाली, “तू म्हणशील तसं.”

२४ नोव्हेंबर

उत्तर आलं. मी ते चारदा वाचलं आणि चारही वेळा चष्मा पुसला. दोष चष्म्यात नव्हता.

ती बाई लिहिते (भाषा अत्यंत नम्र, हेच जास्त लागतं): “मॅडम, हा दोष नाही, आमची रचनाच तशी आहे. शहर कुरकुरतं तोपर्यंत त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. मागण्या ऐकल्यात तर ते ‘आपलं’ होतं. ऐकल्या नाहीत तर मागायचं सोडून देतं. तिसरी अवस्था ती. चारांतली ती सगळ्यात धोक्याची आहे. इतर भाषांतल्या खेळाडूंना ती पट्टी दिसताच सावध व्हायला झालं. मराठीतच सगळे निर्धास्त राहिले. कृपया आपण वापरलेला शब्द पुन्हा पाहाल का? शब्दांची यादी सव्वीस तारखेला संध्याकाळी सहाला बंद होईल.”

म्हणजे चूक माझी. एकतीस वर्षांत माझा एक शब्द वरच्या कोर्टातून परत आला नाही. आणि तो आला कुठून, तर खेळातून.

सात वर्षं कार्डावर तोच शब्द होता. त्याचा दुसरा अर्थ असेल असं कोणाला वाटेल?

गटावर कबूल करून टाकलं. लपवण्याची मला सवय नाही. दंतवैद्य म्हणाला, “चला, चुकीचा दात काढला असं कबूल करणारं मला पहिल्यांदाच कोणी भेटलं.” त्याने माफ केलं की नाही ते कळलं नाही.

२५ नोव्हेंबर

मौन? नको, त्यात पुण्य आहे. निःशब्द? कवितेतला. मूक? बिचारा. स्तब्ध? पुतळा. उदासीन? पट्टीत मावत नाही, आणि खिन्न वाटतो. अबोला? तो रागावून धरतात, कोणीतरी समजूत काढावी म्हणून. इथे तीही आशा नाही. सकाळी साडेसातपासून दुपारी तीनपर्यंत पाच कोश उलटेपालटे केले. जेवले नाही.

शेवटी धाकटीला विचारलं. ती मराठी शाळेत गेली. तिच्या वेळेपर्यंत बाबांची बदली झाली होती आणि नव्या गावात कॉन्व्हेंट नव्हतं. याचं मला लहानपणी वाईट वाटायचं, तिला कधीच वाटलं नाही.

म्हटलं, “एखाद्याने आधी खूप मागितलं, मिळालं नाही, मग मागणंच सोडलं. भांडत नाही, रडत नाही, सांगशील ते करतो. त्याला काय म्हणशील?”

सुईत दोरा ओवत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

“गप्प,” म्हणाली.

“शांतच की मग!”

“नाही ताई. शांत आपलं आपण असतो. गप्प आपल्याला बसवतात.”

मी खुर्चीवरून उठलेच. दोनच अक्षरं, त्यातलं एक जोडाक्षर, पट्टीत बसून वर जागा उरते! पाच कोश आणि एकतीस वर्षं एकीकडे, आणि ही बाई दोऱ्याला गाठ मारता मारता सांगते. मी तिला म्हटलं, तुझं नाव श्रेयनामावलीत घालायला लावते. ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

चार वाजून दहा मिनिटांनी शब्द पाठवला. मजकुरात एकूण त्रेचाळीस ठिकाणी ‘शांत’ होता. एकेक शोधून बदलते आहे. बदलताना वाक्यं अशी उलटतात की दचकायला होतं. ‘प्रजा शांत आहे, पुढे चला.’ ‘प्रजा गप्प आहे, पुढे चला.’

२६ नोव्हेंबर

सहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटची ओळ बदलून झाली, मग यादी बंद. शब्द आत गेला.

डोकं दुखतंय. जेवायला बसलो तर दोघींच्या चमच्यांचा आवाज फार होत होता. मी विचारलं, “भाजीत मीठ कमी आहे का?” म्हणाली, “ठीक आहे.” मग मी खाऊन बघितली. मीठ घालायचंच राहिलं होतं.

२७ नोव्हेंबर

आज तिने सही केली. मागितली नव्हती. सकाळी चहाच्या कपाशेजारी पत्र ठेवलेलं होतं. फुलीवर बरोबर सही, पेन्सिल खोडलेली. म्हणाली, “तू बाजारात जातेसच, तर टाकून ये.”

प्रश्न सुटला. उद्या टपालात टाकते.

लिहिताना जेवढं बरं वाटायला हवं तेवढं वाटत नाही. दमले असेन.

२८ नोव्हेंबर

टपाल कार्यालयात रांग होती. वेळ जावा म्हणून पत्र एकदा वाचून घेतलं. मजकूर माझाच. तिसरी ओळ: ‘मी सदर खोल्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडत आहे.’

हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा लिहिलं असेल. बोटांतूनच येतं. पण अनुवादकाला खाली एक प्रमाणपत्र द्यावं लागतं, की मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आणि मुळाबरहुकूम आहे. मी कधीही ते न तपासता दिलेलं नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “बाई, पाकीट द्या ना.” मागची बाई म्हणाली, “देता की घरी जाता?”

तिला एक सणसणीत उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. घरी आले.

धाकटी मशीनला तेल घालत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं.

“यात राजीखुशीने असं लिहिलंय. हा शब्द बरोबर आहे का?”

तिने तेलाची कुपी खाली ठेवली.

“शब्द बरोबर आहे,” म्हणाली. “माझा नाही.”

“मग सही कशी केलीस?”

“तू फुली मारली होतीस.”

मला असा संताप आला! “अगं, चार महिने तोंड शिवलं होतं का तुझं? बोलायचं नाही?”

“बोलले की. पहिला महिना रोज बोलले. तू लिहून घेतलंस, नंबर घालून.”

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ उगाच सोडून उभी राहिले. मग बाहेर येऊन विचारलं, “बस किती वाजता असते?”

ती म्हणाली, “सकाळी नऊची बरी.”

३० नोव्हेंबर

अपडेट सकाळी दहाला आलं. गटावर फटाके फुटावेत तसे निरोप. मी त्या वेळी बसस्थानकावर मशीनला दोरी बांधत होते. कंडक्टर म्हणाला, मशीन टपावर जाईल. मी म्हटलं, मशीन टपावर गेलं तर तुम्हीही टपावर जाल. मशीन आत गेलं. नऊची बस चुकली होती तीही अशाच वादात, त्यामुळे धाकटी माझ्यावर वैतागलेली होती. खिडकीत बसल्यावर म्हणाली, “ताई, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढ आता.”

तिचे डबे तर तीच घेऊन गेली. मग माझ्या डब्यांवरच्या काढल्या. आता साखर कुठे आहे ते मला माहीत नाही.

घरमालकिणीला मी स्वतः फोन केला. खोल्या ठेवायच्या आहेत, लेखी पत्र बहीण आज हातात देईल. मसुदा तिचा तिने केला. दोन ओळींचा, आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक. मी सांगितली नाही.

पॅसेजमध्ये मशीनच्या पायांचे चार ठसे उमटले आहेत.

४ डिसेंबर

मीठशहर परत घेतलं. कारभारी त्यांचाच ठेवला, बाजार होता तिथेच. तरी कुरकुर. मिठावरची जकात नको म्हणे. दंतवैद्याने पट्टीचं चित्र गटावर टाकलं: ‘गप्प’. खाली लिहिलं, “हा शब्द दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो.” क्रेनवाल्याने उत्तर दिलं, “मग बरोबर आहे शब्द.” शब्द कोणाचा ते मी दोघांनाही सांगितलं.

चार दिवसांत धाकटीचा फोन नव्हता. मीही केला नाही, म्हटलं, बघू. आज मात्र दुपारी काहीच वाचवेना, तेव्हा लावला. म्हटलं, “पोचलीस की नाही तेवढं तरी कळवायचं.” ती म्हणाली, पोचले. पुढे काही बोलेना. तारेतला आवाज ऐकत दोघी थांबलो. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणाली, “ताई, एक सांगू का?”

“सांग.”

“माझी कात्री तुझ्याकडे राहिली. तू बांधून दिलीस ती तुझी आहे, तिने कागदही कापला जात नाही.”

आणि मग जी सुरू झाली! मशीनला बांधलेल्या दोरीने रंग उडाला. तेलाची कुपी आडवी ठेवली ती सगळी कापडावर सांडली. बस चुकवलीस म्हणून पोचायला दुपार झाली, ज्या बाईचा झगा द्यायचा होता ती परत गेली. चार महिन्यांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की मी काय शिवतेय. आणि तुझ्या घरात सकाळी सातला दिवा मालवायचा नियम कोणी केला, दिसत नाही माणसाला!

एवढं सगळं करून, उन्हात तास दीड तास बसस्थानकावर उभं राहून, हे ऐकायचं. मी एकेकाचं उत्तर दिलं. कात्री ओळखता येत नव्हती तर खूण करून ठेवायची होती. दिव्याबद्दल ती पूर्ण चुकीची आहे. वीस मिनिटं भांडलो. शेवटी तिच्याकडे गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला, नाहीतर मीच जिंकणार होते.

मागचं पान उघडून लिहून घेतल्या. क्रमांक चौतीस ते एकोणचाळीस. कात्री खोक्यात घालून टपालात टाकली, त्याच काउंटरवर.

उद्या दुपारी पुन्हा फोन करणार आहे. ती काय शिवतेय ते विचारायचं राहिलंच.